प्रवास कामाचा, सवलत कोणाला?

जून-जुलै आला की पुण्यातल्या करसल्लागारांसमोर एक प्रश्न हमखास येतो : महिन्याला एवढ्याचे पेट्रोल जाते, त्यातले काही करातून वजा होते का? विचारणारा कधी हिंजवडीत नोकरी करणारा असतो, कधी औषध कंपनीचा एमआर. कधी तीन रुग्णालयांत भूल द्यायला जाणारी डॉक्टर असते, तर कधी अ‍ॅपवरून घरोघरी जेवण पोहोचवणारा मुलगा. पेट्रोल चौघेही त्याच भावाने भरतात, पण कायदा चौघांना चार वेगळी उत्तरे देतो. पहिल्याला एका रुपयाचीही वजावट मिळत नाही. दुसऱ्याला मिळणारा भत्ता करमुक्त असतो. तिसरीला गाडीचा घसारासुद्धा वजा करता येतो. चौथ्याला हिशेब न ठेवताही बहुतेक उत्पन्न खर्चापोटी सोडून देता येते.

हा फरक कुठून आला, कोणाला किती पुरतो आणि कोणावर अन्याय करतो, याचा हा आढावा. माझे म्हणणे आधीच सांगतो. आपल्या आयकरात पगारदाराला सवलत मिळते ती त्याच्या खर्चाला नव्हे, तो खर्च ज्या कागदातून जातो त्या कागदाला. मालकाने दिलेले वाहन, मालकाने दिलेला भत्ता, मालकाचे प्रमाणपत्र हाती असेल तर दार उघडते. स्वतःच्या खिशातून कंपनीचे काम करणाऱ्याला मात्र ते बंद असते. पुण्यासारख्या दुचाकीवर चालणाऱ्या शहरात ही उणीव फार मोठी आहे.

या लेखातले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६चे आहेत. म्हणजे ज्याचे विवरणपत्र २०२६मध्ये भरायचे, ते वर्ष. त्याला १९६१चा आयकर कायदा आणि १९६२ची नियमावली लागू आहे. १ एप्रिल २०२६पासूनच्या उत्पन्नासाठी ५३६ कलमांचा आयकर कायदा, २०२५ आला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण इथे ज्या तत्त्वांची चर्चा आहे ती तत्त्वे जुनीच आहेत.

घर ते कचेरी : एक जुनी रेषा

सगळ्या विषयाच्या मुळाशी एकच रेषा आहे. घरून कामाच्या जागी जाणे हा खासगी खर्च, आणि कामाच्या जागेवरून कामासाठी दुसरीकडे जाणे हा नोकरीचा किंवा धंद्याचा खर्च. आपल्याकडे ती इंग्रजी कायद्यातून आली. १९२०च्या दशकात हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आलेल्या ‘रिकेट्स विरुद्ध कोलक्हून’ या खटल्यात लंडनला राहून पोर्ट्समथला न्यायदानाचे काम करणाऱ्या बॅरिस्टराने रेल्वेभाड्याची वजावट मागितली होती. ती नाकारली गेली. पोर्ट्समथला पोहोचल्यावर काम सुरू होते आणि लंडनला राहणे ही त्याची स्वतःची निवड आहे, असा निकालाचा आशय होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६मध्ये ‘फ्लॉवर्स’ खटल्यात साधारण हीच वाट धरली.

पुणेकराला हा युक्तिवाद चटकन कळेल. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. तेव्हापासून पुण्यात घर आणि मुंबईत नोकरी असे आयुष्य काढलेल्या कितीतरी पिढ्या या शहरात आहेत. त्यांच्या रेल्वेच्या पासाला कायद्याच्या लेखी घरखर्चाचाच दर्जा आहे. कात्रजहून हिंजवडीला रोज दुचाकी हाकणाऱ्याची गत तीच, आणि हडपसरहून पीएमपीएमएलच्या बसने चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्याचीही तीच.

या रेषेमागे तर्क आहे. कोणी कामाजवळ महाग भाडे देऊन राहतो, कोणी लांब स्वस्त घर घेऊन प्रवासावर खर्च करतो. दुसऱ्याच्या प्रवासाला वजावट दिली तर पहिल्याच्या भाड्यालाही का देऊ नये? शिवाय जितके लांब राहावे तितकी सवलत मोठी, असा नियम झाला तर शहर आणखी पसरते. हे आक्षेप खरे आहेत. पण ‘निवड’ हा शब्द किती ताणायचा, याला मर्यादा हवी. एमआयडीसीने वसवलेल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये नोकऱ्या आधी आल्या आणि वाहतूक मागे राहिली. शिवाजीनगर ते हिंजवडी ही सुमारे २३ किलोमीटरची मेट्रो मार्गिका तिथल्या नोकऱ्यांनंतर कितीतरी वर्षांनी बांधायला घेतली गेली. तोपर्यंत ज्यांनी दुचाकीवर दिवस काढले, त्यांच्यापुढे निवडायला फारसे काही नव्हते.

१९७४ : हक्क गेला, ठोक रक्कम आली

पगारदाराला स्वतःचा खर्च कधीच वजा करता येत नव्हता, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. १९६१च्या कायद्याच्या मूळ सोळाव्या कलमात दोन महत्त्वाच्या तरतुदी होत्या. वाहनभत्ता न मिळणारा नोकरदार स्वतःचे वाहन नोकरीसाठी वापरत असेल, तर त्याच्या देखभालीचा आणि झिजेचा वाजवी खर्च पगारातून वजा होत असे. आणि नोकरीच्या अटींप्रमाणे कर्तव्य बजावताना स्वतःच्या पगारातून पूर्णतः, अपरिहार्यपणे आणि केवळ त्याच कारणासाठी करावा लागणारा खर्चही वजा होत असे.

१९७४च्या वित्त कायद्याने हे बदलले. तेव्हा अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. सुट्या वजावटी काढून त्यांच्या जागी एक ठोक वजावट आली. पहिल्या १०,००० रुपये पगारावर २० टक्के, त्यापुढच्या पगारावर १० टक्के आणि एकूण कमाल ३,५०० रुपये. ज्यांना वाहनभत्ता किंवा मालकाचे वाहन मिळत होते त्यांना ती १,००० रुपयांपर्यंतच होती. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. ठोक वजावटीत प्रवासखर्च धरलेला आहे, हे तीतून स्पष्ट होते. ज्याचा प्रवास मालक सांभाळतो त्याला कमी आणि ज्याला स्वतः करावा लागतो त्याला जास्त, असा न्याय त्यात होता.

हेतू सोपेपणाचा होता आणि तो चांगलाच होता. लाखो पगारदारांच्या वह्या-पावत्या तपासणे आयकर खात्याला झेपणारे नव्हते. पण एकदा खर्चाचा धागा तुटल्यावर ठोक रक्कम ही सरकारच्या मर्जीची गोष्ट झाली. २००५मध्ये पी. चिदंबरम यांनी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा एक लाखापर्यंत वाढवताना ती काढूनच टाकली. त्यानंतरची बरीच वर्षे पगारदाराच्या हातात प्रवासापोटी उरला तो मालकाकडून मिळणारा वाहतूक भत्ता. तो महिन्याला ८०० रुपयांपर्यंत करमुक्त होता. आधीची वर्षे धरून सुमारे सतरा वर्षे ही रक्कम हलली नाही. पेट्रोलचा भाव त्या काळात कुठून कुठे गेला, हे पुणेकराला सांगायला नको. एप्रिल २०१५पासून ती १,६०० रुपये झाली.

तीन वर्षांत तीही गेली. २०१८च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी वर्षाला १९,२०० रुपयांचा वाहतूक भत्ता आणि १५,००० रुपयांची वैद्यकीय परतफेड या दोन्ही सवलती काढून ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणली. बेरीज केली तर पदरी जास्तीचे पडले ५,८०० रुपये, आणि त्याच वेळी करावरचा उपकर ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाला. पुढे वजावट ५०,००० झाली. जुलै २०२४मध्ये नव्या करप्रणालीत ती ७५,००० रुपये झाली. दिव्यांग कर्मचाऱ्यांचा महिना ३,२०० रुपयांपर्यंतचा करमुक्त वाहतूक भत्ता तेवढा कायम राहिला, आणि तो दोन्ही प्रणालींत मिळतो.

आजची प्रमाणित वजावट निवृत्तिवेतनधारकालाही मिळते. त्यांना ती मिळावीच. पण यातून एवढे नक्की सिद्ध होते, की हिचा कामाच्या प्रवासाशी संबंध उरलेला नाही. घरून लॅपटॉपवर काम करणारा आणि रोज ५० किलोमीटर जाऊन-येऊन करणारा, दोघांना ७५,००० रुपयेच. आपण कात्रज ते हिंजवडी दुचाकीचा अंदाज करून पाहू. जाऊन-येऊन ५० किलोमीटर, महिन्याला २२ दिवस, लिटरला ४४ किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये धरले, तर महिन्याला २,५०० आणि वर्षाला ३०,००० रुपये होतात. टायर, सर्व्हिसिंग आणि विमा वेगळा. म्हणजे ठोक वजावटीतला निम्म्याच्या आसपासचा भाग नुसते कामावर पोहोचण्यातच संपतो.

भत्ता मिळतो त्याचे बरे

आता रेषेच्या पलीकडचा प्रवास पाहू. कामासाठी केलेल्या प्रवासाला कलम १०(१४) आणि नियम २बीबी यांखाली सवलत आहे. दौरा किंवा बदलीचा प्रवास भत्ता, दौऱ्यावरचा दैनिक भत्ता आणि कर्तव्य बजावताना लागणारा वाहनभत्ता हे तिन्ही प्रत्यक्ष खर्च झाला तेवढ्यापुरते करमुक्त आहेत. बदलीच्या वेळी घरसामान बांधून नेण्याचा खर्चही त्यातच येतो. महत्त्वाचे म्हणजे नवी करप्रणाली घेतली तरी या सवलती जात नाहीत. जून २०२०मध्ये नियमात तशी दुरुस्ती झाली. नव्या प्रणालीत सगळेच गेले असे समजून अनेक जण हा भत्ता करपात्र धरतात आणि नाहक कर भरतात.

याचा खरा उपयोग कोणाला होतो? सगळ्यात आधी एमआर मंडळींना. पुण्यात राहून शहरातले दवाखाने करायचे, आठवड्यात एखादा दिवस बारामती किंवा सातारा, महिन्यात एक मुक्कामी दौरा, असा त्यांचा क्रम असतो. हेडक्वार्टर, एक्स-स्टेशन आणि आउटस्टेशन असे भत्त्याचे तीन दर आणि वर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम. समजा, महिन्याला प्रवासापोटी ९,००० रुपये मिळाले आणि ७,५०० खर्च झाले, तर उरलेले १,५०० पगारात मिळवायचे. सरकारी नोकरीत तलाठी, ग्रामसेवक यांना मिळणारा कायम प्रवास भत्ता याच जातीचा, कारण गावोगाव फिरणे हेच त्यांचे काम. एसटीसारख्या वाहतूक सेवेत गाडीवर असतानाच्या वैयक्तिक खर्चासाठी भत्ता मिळत असेल आणि दैनिक भत्ता मिळत नसेल, तर त्याच्या ७० टक्के किंवा महिना १०,००० रुपये यांतली कमी रक्कम करमुक्त असते. ती मात्र फक्त जुन्या प्रणालीत.

आता नेमकी उणीव कुठे आहे ते पाहा. एखाद्या छोट्या कंपनीतला विक्री प्रतिनिधी असतो. त्याचा पगार महिना ३५,००० रुपये ‘सगळे धरून’ असतो. भोसरी, रांजणगाव, शिरवळ असे दिवसभर स्वतःच्या दुचाकीवर फिरणे हे त्याचे काम. नियुक्तिपत्रात प्रवास भत्ता असा वेगळा रकाना नाही. त्याने रोजची नोंद ठेवली, प्रत्येक पावती जपली, तरी पगाराच्या उत्पन्नातून त्याला ती वजा करता येत नाही. कारण १९७४नंतर पगारातून वजा होणाऱ्या गोष्टींची यादी अगदी लहान झाली आणि स्वखर्च तीत राहिला नाही. शेजारच्या मोठ्या कंपनीतला प्रतिनिधी तेच रस्ते तुडवतो. पण त्याच्या पगारपत्रकात भत्त्याचा रकाना आहे, म्हणून त्याची रक्कम करमुक्त.

यावर एक आक्षेप येईल. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, आणि पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत, करच लागत नाही. मग ३५,००० पगाराच्या माणसाला वजावटीचे काय? आक्षेप बरोबर आहे, आणि त्यामुळे या प्रश्नाची धार बऱ्याच जणांपुरती बोथट झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण मर्यादेच्या जरा वर असलेल्या एरिया मॅनेजरला, सर्व्हिस इंजिनिअरला, स्वतःची गाडी साइटवर नेणाऱ्या स्थापत्य अभियंत्याला तो आजही बोचतो. आणि कर शून्य असल्याने तत्त्व योग्य ठरत नाही. मर्यादा उद्याच्या अर्थसंकल्पात बदलू शकते, आणि तेव्हा हा माणूस पुन्हा उघड्यावर पडेल.

तोपर्यंत त्याच्या हातात एकच उपाय आहे. वर्षाच्या सुरुवातीला मालकाकडून पगाराची फेररचना करून घ्यायची आणि फिरतीचा खर्च वेगळा भत्ता किंवा परतफेड म्हणून लिहून घ्यायचा. मार्चमध्ये हे सुचून उपयोग नसतो.

मोटार कोणाच्या नावावर?

कागद खर्चापेक्षा किती मोठा होतो, हे मोटारीच्या नियमात सगळ्यात स्पष्ट दिसते. नियम ३(२)प्रमाणे कंपनीच्या मालकीची किंवा कंपनीने भाड्याने घेतलेली मोटार कर्मचारी कामासाठी आणि घरासाठी दोन्हीकडे वापरत असेल, आणि इंधन-देखभाल कंपनी करत असेल, तर करपात्र सोय म्हणून पगारात मिळवायची रक्कम ठरलेली आहे. १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये, त्यापेक्षा मोठ्या इंजिनाला २,४०० रुपये, आणि चालक असेल तर आणखी ९०० रुपये. हे दर एप्रिल २००९पासूनचे.

तीच मोटार कर्मचाऱ्याच्या नावावर असेल तर हिशेब उलटतो. कंपनीने इंधन-देखभालीपोटी महिन्याला १२,००० रुपये दिले असे समजू. त्यातून १,८०० वजा करून उरलेले १०,२०० रुपये पगारात धरले जातात. कंपनीच्या मोटारीला करपात्र रक्कम १,८००, स्वतःच्या मोटारीला १०,२००. रस्ते तेच, किलोमीटर तेच, खर्चही तेवढाच. आयटी कंपन्यांत मोटार लीजवर घेण्याची योजना एवढी लोकप्रिय का, याचे हे एक मोठे कारण. अर्थात तो लाभ घ्यायला पगार तेवढा हवा आणि कंपनी तेवढी मोठी हवी. स्वतःच्या दुचाकीचा खर्च कंपनीने दिला तर त्यातले महिना ९०० रुपये वगळले जातात.

मोटार पूर्णपणे कामासाठीच वापरली तर काहीच करपात्र नाही. पण त्यासाठी तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंदवही आणि मालकाचे प्रमाणपत्र लागते. स्वतःच्या मोटारीचा कामासाठीचा वापर ठरीव रकमेपेक्षा जास्त आहे, हे अशाच नोंदींवरून दाखवता येते आणि तेवढी रक्कम वगळून घेता येते. हा मार्ग फार थोडे लोक वापरतात, कारण नोंदवही ठेवायचा कंटाळा.

आता कंपनीची बस. कलम १७(२)च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे, की मालकाने घर ते कचेरी प्रवासासाठी दिलेले वाहन ही करपात्र सोय धरायची नाही. पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यांच्या बस पुण्याने कित्येक दशके पाहिल्या, पुढे हिंजवडी आणि खराडीच्या बस आल्या, रात्रपाळीच्या कॅब आल्या. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री काम करणाऱ्या महिलांच्या सुरक्षेची आणि घरपोच वाहतुकीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ही सोय करमुक्त आहे हे योग्यच. पण पाहा, घर ते कचेरी हा प्रवास खासगी आहे म्हणून दुचाकीस्वाराला वजावट नाही. तोच प्रवास कंपनीच्या बसमधून झाला तर त्याचे मूल्य करातून सुटते. आणि कंपनीने बसऐवजी मेट्रोच्या किंवा पीएमपीएमएलच्या पासाचे पैसे पगारात दिले, तर ते पुन्हा करपात्र. पुण्याची मेट्रो मार्च २०२२पासून धावते आहे, सप्टेंबर २०२४मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. सार्वजनिक वाहनाने जा असे सरकार सांगते, पण करकायदा त्याच माणसाला कंपनीच्या बसमधल्या माणसाइतकेही देत नाही.

धंद्यात आणि व्यवसायात

स्वतःचा धंदा किंवा व्यवसाय असणाऱ्यासाठी दार मोकळे आहे. कलम ३७(१)प्रमाणे केवळ आणि पूर्णपणे धंद्यासाठी झालेला महसुली खर्च वजा होतो. पेट्रोल, टोल, पार्किंग, दुरुस्ती, विमा, चालकाचा पगार, गाडीच्या कर्जाचे व्याज हे सगळे धंद्याच्या उत्पन्नातून वजा होते. वर गाडीचा घसारा, मोटारीला १५ टक्के आणि भाड्याने चालवायच्या टॅक्सी, रिक्षा, ट्रक यांना ३० टक्के.

भूलतज्ज्ञ डॉक्टरने १२ लाखांची गाडी एप्रिलमध्ये घेतली तर पहिल्या वर्षीचा घसारा १,८०,००० रुपये. तीच गाडी दिवाळीनंतर घेतली आणि त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर निम्मा म्हणजे ९०,०००. शनिवार-रविवार गाडी घरच्यांसाठी फिरत असेल तर कलम ३८(२)प्रमाणे तेवढा भाग वगळावा लागतो. पाचवा हिस्सा घरचा धरला तर १,८०,०००मधले १,४४,००० उरतात. अधिकाऱ्याने अंदाजाने दहा किंवा वीस टक्के कापायचे आणि करदात्याने अपिलात त्यावर भांडायचे, हा जुनाच परिपाठ. नोंदवही असेल तर ही झटापट टळते. कंपनीच्या बाबतीत गुजरात उच्च न्यायालयाने ‘सयाजी आयर्न’ प्रकरणात वेगळी भूमिका घेतली. कंपनीला खासगी आयुष्य नसते, म्हणून संचालकांनी वापरलेल्या मोटारीपोटी कंपनीच्या खर्चाला कात्री लावता येत नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च नाकारला जातो. मालवाहतूकदाराला देताना ही मर्यादा ३५,००० आहे. गाडीची किंमतही अशी रोखीने दिली तर त्या रकमेवर घसारा नाही. आणि वाहतुकीचे नियम मोडल्याचा दंड कधीच वजा होत नाही. हेल्मेट, सिग्नल, नो-पार्किंग यांच्या चलनाची रक्कम गाडीखर्चात घुसडणे चुकीचे आहे, कारण कायदा मोडण्यापोटीचा खर्च कलम ३७ स्वीकारत नाही.

छोट्यांसाठी अनुमानित पद्धत आहे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांनी कलम ४४एडीएखाली जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न दाखवली की उरलेल्या निम्म्यात सगळा खर्च आणि घसारा आला असे धरतात. छोट्या धंद्याला कलम ४४एडीखाली रोख जमेवर ८ टक्के आणि डिजिटल जमेवर ६ टक्के. टेम्पो-ट्रकवाल्यांना कलम ४४एई आहे. १२ टनांपर्यंतच्या वाहनाला महिना ७,५०० रुपये, त्यापेक्षा जड वाहनाला दर टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरायचे, गाड्या दहापर्यंत असाव्यात.

जेवण पोहोचवणारा मुलगा साधारणपणे याच ४४एडीत बसतो, कारण त्याच्या कंपनीने त्याला कर्मचारी मानलेलेच नसते. वर्षाला ३,६०,००० रुपये बँकेत जमा झाले, तर ६ टक्क्यांनी किमान उत्पन्न २१,६०० रुपये होते. खरे उत्पन्न जास्त असेल तर जास्त दाखवावे, हे कायद्यालाही अपेक्षित आहे आणि पुढे गाडीचे किंवा घराचे कर्ज घेताना त्याच्या उपयोगाचेही आहे. कर लागला नाही तरी देयकातून कापलेला टीडीएस परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते. शहरातल्या असंख्य मुलांचे असे छोटे-छोटे परतावे सरकारदरबारी पडून राहतात, कारण त्यांना हे कोणी सांगितलेले नसते.

विमा एजंट आणि जमिनीचे दलाल यांना मात्र ४४एडी नाही. कमिशन आणि दलाली त्या कलमातून वगळली आहे. दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्या या वर्गाला प्रवासखर्च वजा करायचा तर हिशेब ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

नोंदीचे बळ

पगारदार असो वा व्यावसायिक, सवलत शेवटी टिकते ती पुराव्यावर. पूर्वी हे अवघड होते. फेब्रुवारी २०२१पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर टोलची तारीख-वेळेसह नोंद आपोआप होते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरची प्रत्येक फेरी त्यात दिसते. यूपीआयने भरलेले पेट्रोल बँकेच्या विवरणात येते. मोबाइलमधली साधी तक्ता-नोंद, म्हणजे तारीख, कुठून कुठे, कोणत्या कामासाठी आणि किती किलोमीटर, एवढी असली की नोंदवही तयार. वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवला तर एकूण वापर वादाबाहेर जातो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परतफेडीसाठी पंपावरून दुसऱ्यांच्या पावत्या गोळा करून लावण्याची सवय अनेक कचेऱ्यांत रुळली होती. ती फसवणूक आहे. प्रामाणिक करदात्याचा हक्क मागताना आपण तिच्याकडे डोळेझाक करू शकत नाही. पावत्यांऐवजी किलोमीटरमागे ठरलेला दर असेल तर खोट्या पावतीचे कारणच उरत नाही.

इतर देश काय करतात

हा दर बाहेर सर्रास आहे. ब्रिटनमध्ये कर्मचाऱ्याने स्वतःची मोटार कामासाठी वापरली तर २०११पासून पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि पुढे २५ पेन्स करमुक्त धरले आहेत. मालकाने त्यापेक्षा कमी दिले तर फरकाची वजावट कर्मचाऱ्याला स्वतः मागता येते. आपल्याकडे नेमका हाच फरक मागायची सोय नाही. जर्मनी आणखी पुढे आहे. तिथे घर ते कचेरी अंतरालाच किलोमीटरमागे ठोक वजावट मिळते, मग माणूस मोटारीने जावो, रेल्वेने जावो की सायकलने. पहिल्या २० किलोमीटरची वजावट काढून घेण्याचा तिथल्या सरकारचा निर्णय घटना न्यायालयाने डिसेंबर २००८मध्ये रद्द केला. जपानमध्ये मालकाने दिलेला सार्वजनिक वाहतुकीचा भत्ता महिना दीड लाख येनपर्यंत करमुक्त आहे. अमेरिका मात्र उलट दिशेने गेली. २०१८पासून तिथल्या कर्मचाऱ्याला परतफेड न झालेल्या खर्चाची संघीय करातली वजावट बंद झाली. तिथल्या मराठी कुटुंबांना आणि भारतातल्या नातलगांना या एका बाबतीत आज सारखाच अनुभव आहे.

काय बदलावे

प्रत्येकाच्या रोजच्या येण्याजाण्याला वजावट द्या, अशी मागणी मी करणार नाही. त्याने लांब राहण्याला आणि मोठ्या पगाराला जास्त लाभ होतो, आणि ठोक वजावटीचा सोपेपणाही जातो. मागणी तीन मर्यादित गोष्टींची आहे.

पहिली, १९७४मध्ये गेलेला हक्क नव्या रूपात परत आणावा. काम फिरतीचे आहे आणि खर्च दिलेला नाही, असे मालकाने प्रमाणित केले, तर कर्मचाऱ्याला स्वतःच्या वाहनाचा कामापुरता खर्च किलोमीटरमागे ठरलेल्या दराने आणि वार्षिक मर्यादेत वजा करता यावा. दुचाकी आणि मोटार यांचे दर वेगळे असावेत आणि ते दरवर्षी जाहीर व्हावेत. ब्रिटनची व्यवस्था हे जमते असे सांगते. लहान कंपन्यांतल्या लोकांना त्याचा सर्वाधिक उपयोग होईल, कारण त्यांच्याकडे पगाराची हुशारीने रचना करून देणारा मनुष्यबळ विभाग नसतो.

दुसरी, पीएमपीएमएल, मेट्रो आणि उपनगरी रेल्वे यांच्या पासाचे मालकाने दिलेले पैसे कंपनीच्या बसइतकेच करमुक्त व्हावेत. सार्वजनिक वाहतुकीवर सरकार हजारो कोटी घालते, तिथे या सवलतीचा भार किरकोळ आहे. कंपनीला बस चालवणे परवडत नाही म्हणून कर्मचाऱ्याने कर का भरावा?

तिसरी, मोटार कंपनीच्या नावावर की कर्मचाऱ्याच्या, यावरून करपात्र रकमेत पाच-सहा पटींचा फरक पडू नये. कामासाठी किती वापरली हा निकष असावा, नोंदणी कोणाच्या नावावर हा नसावा.

करदाता म्हणून आपल्या बाजूने करायचे कामही आहे. नवे आर्थिक वर्ष सुरू होताना पगारपत्रकात फिरतीचा भत्ता वेगळा मागा, नोंदवही आजपासून ठेवा, धंद्याची आणि घरची गाडी कागदावर वेगळी ठेवा, आणि अर्थसंकल्पापूर्वी सूचना मागवल्या जातात तेव्हा करसल्लागारांच्या आणि कामगारांच्या संघटनांमार्फत हा विषय मांडा. दुचाकीवर बसून कंपनीचे काम करणाऱ्या माणसाचा खर्च हा कामाचा खर्च आहे, हे कायद्याने एकेकाळी मान्य केलेले होते. ते पुन्हा मान्य करायला नवा सिद्धान्त लागत नाही, एक कलम पुरते.